आत्याच्या गादीवरचे खळगे

प्रिय आत्या,

तू देवाघरी गेल्यापासून चर्चमधली तुझी जागा रिकामीच असते. गुडघे टेकायच्या सगळ्या गाद्यांत मी नवा कापूस भरला, तुझ्या गादीतही. तरी दर रविवारी उपासना संपली की तुझ्या गादीवर दोन गुडघ्यांचे खळगे दिसतात. हात लावला तर ऊब लागते. फादर हसून म्हणाले, "अगं, कापूस बसला असेल." कुणी न टेकताच बसतो होय?

आज प्रार्थनेत मी डोळे मिटलेच नाहीत. सगळे गुडघ्यांवर आले, मीही माझ्या गादीवर टेकले, आणि माझ्या शेजारी तुझी गादी हळूहळू दबत गेली. खरं सांगते, भीती नाही वाटली. तूच आहेस म्हटल्यावर उलट बरं वाटलं. तू म्हणायचीस, "देवापुढे वाकणं सोपं गं, बाहेर पडल्यावर तसं जगणं अवघड." मी नाक मुरडायचे.

मग 'आमेन' झालं. मी उठले आणि सवयीने माझी गादी झटकायला वाकले.

ती फुगलेली होती, थंडगार. तिच्यावर कुणी टेकलंच नव्हतं जणू.

हे पत्र तुझ्याच गादीत शिवून टाकतेय. पुढच्या रविवारी जरा सरकून मला जागा दे.

तुझी भाची,
जिला तू लाडाने 'पोतं' म्हणायचीस