साखरपुड्यातला बार

चि. आदिनाथ यास ताईचे आशीर्वाद.

शिरूरला पाऊसपाणी कसं आहे, सुरेखाची कंबर कशी आहे, तुझं बीपी काय म्हणतं (गोळ्या घेतोस की नुसत्या खिशात बाळगतोस?) ते कळव. मी बरी आहे. निवृत्त बाई बरीच असते, असं घरात सगळे धरून चालतात.

भाचीच्या साखरपुड्याला तू आला नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते. सायलीच्या बोटात अंगठी गेली आणि तुझे दाजी उठले. कमरेचं पिस्तूल काढलं. हे त्यांना 'जिवाला धोका' म्हणून परवान्यावर मिळालेलं. त्यांच्या जिवाला धोका आहे तो गुलाबजामाचा, आणि त्याच्यावर पिस्तूल चालत नाही. (अर्ध्या तालुक्याला असाच धोका आहे. धोका सर्वांना दिसावा म्हणून शर्ट मुद्दाम वर खोचून बसतात.) हवेत बार काढायला चाप ओढला, तर काहीच होईना. मग बंद पडलेल्या टॉर्चला थापटावं तसं हे पिस्तुलाला थापटू लागले, आणि बार झाला. गोळी सायलीच्या डोक्यावरून वीतभर अंतराने मांडवाचं कापड फाडून मागच्या पाण्याच्या टाकीत शिरली. पंगतीचं पाणी वाहू लागलं. आचारी त्रिंबक पुऱ्यांच्या कणकेचा गोळा भोकावर थापून टाकीला पाठ लावून उभा राहिला, बायका हंडे घेऊन धावल्या. सायली जागची हलली नाही. तिच्या केसांत कापडाचे धागे पडले होते. ते मी एकेक करून वेचले. व्याही बबनराव मात्र खूश. "पाव्हणे तोलामोलाचे भेटले बगा! लग्नात आमच्याकडूनबी चार बार हायेत!"

घरी आल्यावर मी म्हटलं, ही खेळणी सरकारने सगळ्यांकडूनच काढून घ्यावीत. तर हे म्हणाले, "बंदूक मारत न्हाई, माणूस मारतो. उद्या लोक कोयते घेतील, मग सरकार कोयत्यालाबी परवाना लावनार का?" आता कोयता तर इथे घरोघर आहे, उसाला जाणाऱ्याचं पोटच त्यावर. पण कोयत्याला जवळ जावं लागतं. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फूटपट्टीने मारत. मात्र त्यासाठी त्यांना शेवटच्या बाकापर्यंत चालत यावं लागे, आणि वाटेत कधीकधी त्यांचा राग निवे. पिस्तुलाला वाटच नसते. राग आला की पोचलाच. आणि कोयता थापटताना चुकून सुटून मांडव फाडत नाही. भांडणं संपतील असं मी म्हणत नाही, माणसं तीच आहेत. मेलेली मोजताना कमी भरतील, एवढंच. (हा वाद मी जिंकले. वळून पाहिलं तर हे घोरत होते.)

मी बोलून दमले. सायलीने बापाशी बोलणंच सोडलं. त्याच्या ताटात भाकरी वाढायची आणि आत निघून जायची. मला एवढंच म्हणाली, "आई, कुणाच्याही कमरेला ते दिसलं तर मी बोहल्यावर चढणार नाही." हे गुपचूप पोलीस ठाण्यात गेले आणि पिस्तूल जमा करून आले. परतले तेव्हा शर्ट बाहेर सोडलेला होता.

बाकी क्षेम. दोघं लवकर या.

तुझी,
विजयमालाताई

ता.क. : बबनराव म्हणतात, "नवरीच्या मामानं ठान्यात ठिवलं तर आमीबी ठिवतो." नवरीचा मामा तू. मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी तूच उभा राहणार. तेव्हा तुझंही पिस्तूल जमा करून ये.

ता.क. २ : तू ऐकणार नाहीस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मी आधीच ठाण्यात जाऊन तुझं नाव सांगून आले. लग्नाआधी ते न्यायला तुझ्याकडे ठाण्याचा माणूस येईल, त्याला चहा दे. साहेब विचारत होता, "ताई, सख्खा भाऊ का?" मी म्हटलं, सख्खा आहे म्हणून तर आले. परक्याच्या मांडवात असते, तर जेवून घरी गेले असते.