मागचं डावं दार

आई, मी गाडी घेतोय. दोन गाड्यांत अडकलो होतो, त्याचंच सांगायला बसलोय. एक लांब, बुटकी, काळीभोर. आत बसून दार ओढलं की बाहेरचा रस्ता मुका होतो. दुसरी साधी, उंच, खड्ड्यांना न घाबरणारी. तुझी सून उंच गाडीवर अडून बसली. "माझे गुडघे बघा आणि आपल्याकडचे रस्ते बघा," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी मी लांब गाडीचाच हट्ट धरला. साठीला टेकलेल्या माणसाला ही कसली हौस, असं तिनं विचारलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

तू शिंगणापूरची. तुझ्या माहेरी चौकटी होत्या, दारं नव्हती. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवायची, झालं. लग्न होऊन नगरला आलीस आणि कडीकोयंड्याच्या घरात कायम पाहुण्यासारखी राहिलीस. मी दहावीत असताना माझ्या कपाटाला कुलूप लावलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. शिंगणापूरला आजोबा गेले ती दुपार मला अजून दिसते. मी सात-आठ वर्षांचा आहे, ओसरीवर बसलोय. तू आतून येतेस, फळी उचलून भिंतीला लावतेस आणि उंबऱ्यात रडत बसलेल्या बायकांना उठवतेस. "सरा गं, वाट सोडा. बंद जागंतून मानूस निघत न्हाई. तितंच ऱ्हातं." वारा अजिबात नव्हता. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या एकदम दोन बाजूंना झाल्या, मधून कुणी चालत जावं तशा, आणि पुन्हा टिपायला लागल्या. मी हे कुणाला सांगितलं नाही. तू मात्र माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस.

मग तुझी दुपार. वीस वर्षं झाली. मी तेव्हा साहेबांकडे नोकरीला होतो. ते परगावी गेलेले, त्यांची परदेशी गाडी धुऊन-पुसून आणायचं काम माझ्याकडे. तू मामांकडे गेली होतीस. तुला दाखवावी म्हणून मी गाडी परस्पर शिंगणापूरला घातली. येऊन बघतो तर तू भिंतीला टेकून बसलेली, छातीवर हात. मामा मळ्यात होते. त्यांना निरोप धाडला आणि तुला मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसवून निघालो. साहेबांच्या नातवंडांसाठी मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी करून ठेवलेली होती. घोडेगाव मागे पडलं तशी तू दाराचा खटका ओढायला लागलीस.

"दार उघड रं. कोंडल्यावानी हुतंय."

"आई, एसी लावलाय. आलंच नगर."

"आरं, जरा उघड की."

मी थांबलो नाही. थांबलो तर वेळ जाईल, असं मला वाटलं; निदान तसं मी नंतर ठरवलं. घाट ओलांडून दवाखान्यात पोचलो तेव्हा तू गेलेली होतीस, बोटं खटक्यातच. सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. त्यानंतर कुठल्याही बंद गाडीत बसलो की मागचा डावा खटका एकदा तरी हळूच वाजतो. मागे वळून बघायची माझी हिंमत झालेली नाही.

परवा शोरूमचा माणूस ती लांब गाडी चालवून बघायला घेऊन आला. मी म्हणालो, घाट चढवून बघू. तुझी सून मागे उजवीकडे बसली, तो माझ्या शेजारी. जाताना सगळं ठीक होतं. घोडेगावहून परत फिरलो आणि घाटाच्या तोंडाशी समोरच्या पडद्यावर गाडीचं छोटं चित्र उमटलं, मागचं डावं दार उघडं, लाल. टुणटुण सुरू झाली.

"सेन्सरचं असतं सर, कधीकधी," तो म्हणाला. त्यानं उतरून दार आपटलं. शंभर पावलांवर पुन्हा तेच.

मागून ती म्हणाली, "अहो, डावीकडून वारं कुठून येतंय? काचा तर लावल्यात."

मी गाडी बाजूला घेतली. उतरलो, ते दार पूर्ण उघडलं आणि धरून उभा राहिलो. मालमोटारी जात होत्या. शोरूमचा माणूस आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. दार माझ्या हातात किंचित जड झालं, पुन्हा हलकं झालं. मग मी ते लावलं. नगर येईपर्यंत चित्र पुन्हा उमटलं नाही. पण आई, तू उतरलीस की आत बसलीस, ते मला कळलं नाही. घरी पोचल्यावर त्या माणसानं किल्ली मागितली आणि ती मला लवकर सोडवेना.

आज दुपारी फोन करून मी लांब गाडीला नाही म्हटलं. उंच गाडी येईल. तुझ्या सुनेला वाटतंय तिच्या गुडघ्यांचा विजय झाला, आणि तिनं तसं सगळ्या शेजारणींना सांगूनही टाकलंय. तिचा आनंद मी मोडणार नाही. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच फाडणार आहे, तेव्हा एक राहिलेलं लिहून टाकतो. त्या दिवशी घाटात तू मागे दाराशी झटत होतीस, आणि माझ्या मनात आलं, काय सुरेख पळते ही गाडी, अशी एखादी आपली असायला पाहिजे. त्याच वेळी तुझा आवाज थांबला, आणि ते माझ्या लक्षात यायला अख्खा घाट गेला.