रूथच्या हातचं प्रभुभोजन

१२ जाने., रवि. नेपरव्हिल
आज चर्चमध्ये मंडळीला सांगितलं. उपदेशात नाही, शेवटी, पॅनकेक ब्रेकफास्टच्या घोषणेनंतर. ईस्टरला मी प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक होतोय, इथलं पाळकपणही सोडतोय. कुणी हललं नाही. दारात हात मिळवायला निम्मेच आले. म्हाताऱ्या मार्थाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या बॉबला तुम्हीच पुरलंत."
एरवी पाळकाची बायको म्हणून दारात माझ्याशेजारी असणारी शालन आधीच गाडीत जाऊन बसलेली.

१३ जाने.
चहा गाळता गाळता शा. म्हणाली, "माझ्या आईला शेवटचं प्रभुभोजन तुम्ही दिलंत, नाशिकला, हॉस्पिटलात. तुमच्या नव्या चर्चच्या लेखी ते काय होतं? नुसती भाकर?"
म्हटलं, देवाचं असं अडत नाही.
"देवाचं नाही विचारलं मी."

१६ जाने.
सगळे कारण विचारतात. आमच्यात श्रद्धेच्या गोष्टीही मतदानानं, हात वर करून ठरवायच्या, हे फार वर्षं खुपत होतं. पण खरं म्हणजे माझ्याच्यानं प्रार्थना होईना. कॅथलिकांच्या उपासनेला, मिस्सेला, मागच्या बाकावर बसलो की होते. इतकंच. लोकांना याहून मोठं काहीतरी हवं असतं.

३० जाने.
कॅथलिक बिशपना भेटलो. दुसऱ्या पंथातून आलेल्या पाळकाला बायको असली तरी फादर होता येईल, पण रोमची परवानगी, वेळ लागेल वगैरे. विचारलं, "पाळकाची दीक्षा झालीय माझी. म्हणजे परत दीक्षा?" शांतपणे म्हणाले, "परत नाही. पहिल्यांदा."
येताना गाडी कडेला घेऊन बसलो. काचेवर बर्फ साचत गेलं. वायपर लावले नाहीत.

२ फेब्रु., रवि.
रूथला फोन. सिॲटलजवळ बॉथेलला तिच्या चर्चची उपासना नुकतीच आटोपलेली. ती पाळक झाली तेव्हा दीक्षा देताना तिच्या डोक्यावर आमच्या बिशपांबरोबर माझाही हात होता.
"सो व्हॉट ॲम आय, पप्पा? कॉस्च्यूम घातलेली मुलगी?"
तसं नाही गं.
"देन से इट. से आय ॲम अ प्रीस्ट."
कॅथलिक बाईची दीक्षा मानत नाहीत; मी विषय बदलून पोटातल्या बाळाचं विचारलं. तिनं फोन ठेवला.

२० एप्रिल. ईस्टर
काल रात्री मला कॅथलिक मंडळीत घेतलं. कपाळाला तेल, मग ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्यांच्याकडचं प्रभुभोजन. शा. आली होती, पण बाकावरून उठली नाही. परत जागेवर जाताना तिचे गुडघे ओलांडून आत जावं लागलं. आनंद झाला, खोटं कशाला. तो तिच्या शेजारी बसून लपवत राहिलो.

९ मे
रूथला मुलगी झाली. शा.ला मेसेज. मला नाही.

७ जून
रूथ फोनवर शा.ला म्हणाली, पप्पांना दे. बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय, तीच करणार.
"बाप्तिस्मा तरी काउंट होतो ना तुमच्यात?"
होतो, म्हटलं. कुणाच्याही हातचा.
"गुड. पण नंतर कम्युनियन आहे. मी सगळ्यांना देत देत तुमच्यासमोर येणार. आय वोंट स्किप यू."
मी बाप्तिस्म्याची तारीख विचारली.
"कम ऑर डोंट, पप्पा."

८ जून
तिच्या हातचं प्रभुभोजन घ्यायची मला, कॅथलिकाला, आता मुभा नाही. न घेता, लेकीसमोर गुडघे टेकून, हात छातीशी धरून नुसता तिचा आशीर्वाद मागायचा...
शा.नं न विचारताच सिॲटलची दोन तिकिटं काढली. खिडकीची सीट हवी का, एवढं मात्र विचारलं. हो म्हटलं.