लव्हाळे पसरण्याचा मान

सोमवार, २ जुलै
शनिवारच्या उत्सवात चर्चच्या फरशीवर लव्हाळे पसरायचा मान पाद्रीबाईंनी यंदा मला दिला. देणारच! 'स्ट्रू' या क्रियापदाचा अर्थ गावात नीट ठाऊक आहे कोणाला? जन्मभर इंग्रजी शिकवलंय. लव्हाळे आजच कापून शेतकरी मॉसपच्या कोठारात सुकवायचेत. ओले असले तर दगडी फरशीवर पाय घसरतो म्हणे. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे आमची नात एल्सपेथ, पांढऱ्या झग्यात. फोनवर म्हणाली, "आजोबा, भाषण नको हं. प्लीज." लाजाळू पोर. छोटंसंच करीन.

मंगळवार, ३ जुलै
लव्हाळे उद्या. आज भाषण.
'स्कॅटर' म्हणजे नुसतं भिरकावणं. कोंबड्यांना दाणे टाकतो तसं, कुठेही पडोत. 'स्ट्रू' म्हणजे जमीन झाकली जाईल असं पसरणं. वा!
बायकोला वाचून दाखवलं. हेस्टर म्हणाली, "आधी जिन्यातले मोजे उचल." मोज्यांचं उदाहरण भाषणात घेतलं. मोजे तिथेच.

गुरुवार, ५ जुलै
पाऊस. पावसात कोण कापणार? हेस्टर म्हणते काल लख्ख ऊन होतं. असेल. काल समारोप लिहीत होतो.

शनिवार, ७ जुलै, सकाळ
कापले! चिंब आहेत, पण काय हिरवेगार! वाळक्यांना ही शोभा नाही. हेस्टर ओरडली, "अरे, पोरं आपटतील!" हिला काळजी करायची हौसच आहे.

शनिवार, संध्याकाळ
लिहवत नाही.
पसरले सुंदर. फरशी दिसत नव्हती. मी व्यासपीठावरून बोलत होतो. मिरवणूक दारात तिष्ठत होती. शेवटी पाद्रीबाईंनीच खूण केली, तशी एल्सपेथ आत आली आणि तिसऱ्या पावलाला धाडकन पडली. झगा हिरवा, गुडघा फुटला. सगळं गाव बघत होतं.
आणि मी? मी वाक्य पूर्ण केलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं. हेस्टर धावली, पाद्रीबाई धावल्या, मी पूर्णविरामापर्यंत गेलो.
एल्सपेथ रडली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

रविवार, ८ जुलै
प्रार्थनेनंतर हेस्टरने माझ्या हातात झाडू दिला. म्हणाली, "पसरलंस ना? आता उचल." झाडू धरायचा कसा, तेही तिलाच विचारावं लागलं.
अर्ध्यात एल्सपेथ आली. गुडघ्याला पट्टी. सुपली धरून खाली बसली. मी झाडत गेलो, ती भरत गेली. क्षमेवर एक छान वाक्य सुचलं होतं.
गिळलं.
जाताना ती म्हणाली, "आजोबा, तो कोपरा राहिला."
घरी येऊन जिन्यातले मोजे उचलले.