गोधडेसाहेब लेट झाले

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
रविवार, २ जुलै २००६

तीर्थस्वरूप दिलीपमामा यांस,

भाचा निशिकांत याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीतूनच घालतो आहे, कागदावर फरक कळणार नाही). आम्ही तिघं ठीक. नीताचा खोकला गेला, ऋताची परीक्षा आली. तुमची तब्येत कशी आहे हे या वेळी विचारत नाही, कारण गेल्या दीड वर्षात पाच पत्रांतून विचारलं आणि तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. प्रणिता फोनवर म्हणते, बाबा जेवतात, फिरून येतात, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात. आई गेल्यापासून त्यांनी कुणाचीही टिंगल केलेली नाही, असंही म्हणाली. मामा, तुमच्या रक्तदाबाचे आकडे ऐकून मला जेवढी काळजी वाटली नव्हती, तेवढी हे ऐकून वाटली. असो. आज लिहिण्याचं कारण निराळं आहे. काल मी एका जिवंत माणसाची शोकसभा घेतली आणि त्यात तुमचा हात आहे.

हर्बर्ट क्विल्ट तुम्हाला आठवत असतीलच. लंडनच्या रेडिओवरचे विनोदी लेखक आणि नट. बँकेत येणाऱ्या इंग्रजी पेपरात त्यांच्याबद्दल वाचून तुम्ही घरी आलात आणि मला म्हणालात की क्विल्ट म्हणजे गोधडी, तेव्हा हा गृहस्थ आपल्याकडे जन्मला असता तर गोधडे झाला असता. पुढे मी बारा वर्षांचा होईपर्यंत दर रविवारी दुपारी तुम्ही शॉर्टवेव्हवर लंडन लावायचात, कान रेडिओला चिकटवायचात आणि गोधडेसाहेबांचे विनोद मला मराठीत करून सांगायचात. मला इंग्रजीतलं येस आणि नो यापलीकडे काही कळत नव्हतं. तो लॉर्ड रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभा राहतो, त्याचा नंबर येतो तेव्हा रॉकेल संपतं, तो चिडून म्हणतो, एके काळी अर्ध्या जगावर आमचं राज्य होतं, आणि दुकानदार म्हणतो, मग तेव्हाच भरून ठेवायचं होतंत. यावर मी जमिनीवर लोळलो होतो. लंडनच्या लॉर्डाला रेशनकार्ड कसं, अशी शंका मी काढली होती (लहानपणी मी हुशार होतो). तुम्ही म्हणालात, राज्य गेल्यावर सगळ्यांनाच काढावं लागलं. मग रेडिओतून हसण्याचा आवाज का येत नाही, नुसती खरखर का येते, असंही विचारलं. त्यावर तुम्ही म्हणालात, इंग्रज माणूस मनातल्या मनात हसतो. माझं समाधान झालं.

तर हे गोधडेसाहेब आता एक्याऐंशी वर्षांचे असून इथे लेकीकडे राहतात. वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात ‘कामाच्या ठिकाणी विनोद’ या विषयावर त्यांचं भाषण ठेवलं होतं (मॅनेजर हसेपर्यंत कुणी हसलं नाही, मॅनेजर हसल्यावर कुणी थांबेना). नाव ऐकलं आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. भाषण संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि पुढचे तीन रविवार त्यांच्याकडे चहाला जाऊन सगळी कारकीर्द लिहून घेतली. विमा कंपनीत कारकून होते. साहेबाच्या निरोपसमारंभासाठी साहेबावरच नाटुकलं लिहिलं. साहेबांची निवृत्ती दोन महिने पुढे गेली आणि यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मग रेडिओसाठी लिहू लागले. एका नटाचा घसा बसला म्हणून एक दिवस माइकसमोर उभे राहिले ते बावीस वर्षं हलले नाहीत. पुढे टीव्ही आला, चेहरा त्या मानाने फार गंभीर निघाला, आणि शेवटची काही वर्षं बिस्किटांच्या जाहिरातींना आवाज देण्यात गेली. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं शांतपणे सांगितलं. मी लगेच आमच्या इथल्या मराठी मंडळातर्फे त्यांचा सत्कार ठरवला.

सत्कार काल चार वाजता होता. हॉलमध्ये साठ माणसं, टेबलावर शाल, श्रीफळ, हार, गोधडेसाहेबांचा मोठा फोटो आणि मागे झाकून ठेवलेले बटाटेवडे. सव्वाचार झाले, साहेबांचा पत्ता नाही. एवढ्यात आमच्या अध्यक्ष सुनेत्राताई (रॅफल्स प्लेसला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यामुळे त्यांनी वाचलेलं कुणी पुन्हा तपासत नाही) मोबाइल हातात धरून खुर्चीत बसल्या. साहेबांच्या लेकीचा एसएमएस होता. ‘डॅड लेट. व्हेरी सॉरी. प्लीज कॅरी ऑन विदाउट हिम.’

आता मामा, तुम्हीच सांगा. सुनेत्राताई आठवडाभर वारलेल्या सासऱ्यांच्या नाशिकच्या फ्लॅटचे कागद भरत होत्या. प्रत्येक पानावर त्यांच्या नावामागे ‘लेट’ लिहून त्यांचा हात दुखत होता. त्यांना या शब्दाचा दुसरा अर्थच उरला नव्हता. त्या म्हणाल्या, गेले हो. आणि मला एक्याऐंशी वर्षांचा माणूस, त्यांचा दमा, सगळं एकदम आठवलं. ऋता मागून म्हणाली, “पापा, मेबी ही जस्ट स्टक इन ट्रॅफिक, लाह.” (‘लाह’ ही इथल्या बोलण्याची शेपटी.) मी तिला, मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, असं सांगून गप्प केलं. पुढच्या दहा मिनिटांत सत्काराची शोकसभा झाली. गळ्यात घालायचा हार फोटोला गेला. ‘सुस्वागतम्’ची पाटी उलटी करून भिंतीला टेकवली. वड्यांचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली, तेव्हा प्रबोधने (आमचा खजिनदार, धर्मशास्त्रही तोच बघतो) निकाल दिला की गेलेला माणूस ख्रिस्ती असल्यामुळे सुतक लागत नाही, मात्र चटणी भाषणानंतर काढावी.

मग सगळे उभे राहिलो आणि मिनिटभर स्तब्धता पाळली. त्याच मिनिटात दार उघडून क्विल्टसाहेब आत आले. (टॅक्सी मिळाली नव्हती. इथे पाऊस आला की टॅक्सी मिळत नाही.) साठ माणसं माना खाली घालून उभी आहेत हे पाहून त्यांना वाटलं, आपल्यात कार्यक्रमाआधी अशी प्रार्थना करत असतील. तेही शेवटच्या रांगेत मान खाली घालून उभे राहिले. स्वतःसाठी स्तब्धता पाळलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

मी माइक घेतला आणि डोळे मिटूनच बोललो. कारकीर्द सांगितली, पण खरं बोललो ते त्या रविवारांबद्दल. वडील गेल्यावर आई आणि मी तुमच्याकडे राहायला आलो. त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हतो. या माणसाने मला लंडनमधून हसवलं, असं मी म्हणालो. मग एकेक विनोद सांगितला. रॉकेलचा लॉर्ड. पंगतीत जिलबी मोजत बसणारा पाद्री. ब्रिजवरच्या धुक्यात वाट चुकून स्वतःच्याच सासरी चहाला पोचलेला कर्नल. शोकसभेत लोक डोळे पुसत हसत होते. शेवटी मी म्हणालो की हे त्यांना जिवंतपणी सांगायचं राहून गेलं.

डोळे उघडले तर शेवटच्या रांगेत ऋताच्या शेजारी साहेब. ती सगळं भाषण त्यांच्या कानात इंग्रजीत सांगत होती. (नंतर म्हणाली, मी लगेच ओरडणार होते, पण त्यांनीच तोंडावर बोट ठेवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी नीट परीक्षण करतंय, त्याला थांबवू नकोस, म्हणाले.) सुनेत्राताईंनी किंकाळी फोडली. साहेब सावकाश चालत मंचावर आले, फोटोचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाले की दोन दुरुस्त्या करायच्या आहेत. पहिली, मी मेलेलो नाही. दुसरी, यातला एकही विनोद माझा नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरीचं मला जास्त वाईट वाटतंय, कारण ते चांगले आहेत.

त्यांच्या कार्यक्रमात रेशन नव्हतं, जिलबी नव्हती, पंगत तर नव्हतीच. त्यांनी मला विचारलं, मग हे लिहिले कुणी? मामा, मी साठ माणसांसमोर उभा होतो आणि मला चौतीस वर्षांनंतर कळलं की तुम्हालाही त्या रेडिओच्या खरखरीतलं काही कळत नव्हतं. एक पोरगं हसत नाही म्हणून तुम्ही दर आठवड्याला बसून ते रचत होतात, आणि श्रेय एका गोऱ्या माणसाला देत होतात. मी माइकवर तुमचं पूर्ण नाव सांगितलं. साहेबांनी शाल माझ्या हातात दिली, ही त्यांना पाठवा म्हणाले. ती सोबतच्या पार्सलात आहे. नारळ मात्र कस्टममुळे पाठवता येत नाही, तो नीताने आजच्या आमटीत घातला.

मामींना माझा नमस्कार, असं लिहायला हात वळतोच. राहू द्या तो तसाच. प्रणिताला आशीर्वाद.

तुमचा,
निशिकांत

ता. क. : रॉकेलच्या लॉर्डाचा विनोद क्विल्टसाहेबांना पुढच्या भाषणात वापरायचा आहे. मूळ लेखकाची लेखी परवानगी असल्याशिवाय ते वापरणार नाहीत. दोन ओळी तरी लिहाव्या लागतील.

ता. क. २ : आमच्या मंडळाचा गणपती ऑगस्टच्या शेवटी बसतो. त्यात वीस मिनिटांचं प्रहसन, लेखक दिलीप ओगले, पुणे, असं मी काल भावनेच्या भरात जाहीर करून बसलो आहे आणि सुनेत्राताईंनी पत्रिकेत छापायला दिलं आहे. (या वेळी मी ते दोनदा तपासलं, तुमच्या नावामागे काही लागलेलं नाही.) तुमचं विमानाचं तिकीट प्रणिताकडे आहे. तुमच्याबद्दल माइकवर बोलायचं तर तुम्ही समोर बसलेले हवेत. मला आता लेट व्हायचं नाही.

ता. क. ३ : आत्ताच साहेबांचा फोन आला. त्यांचा कार्यक्रम गुरुवारी असायचा, आणि लोक इतके हसायचे की संवाद ऐकू येत नसत. रविवारी दुपारी शॉर्टवेव्हवर त्यांच्या अंदाजाने बोटींसाठी हवामानाच्या बातम्या लागत असाव्यात. मामा, हवामानाच्या बातम्या पुण्याच्या रेडिओवरही लागतात. एकदा लावून बघा, आणि गोधडेसाहेब काय म्हणाले ते मला कळवा.