आमच्या स्क्रिप्टला काही होत नाही

१ मार्च, शनिवार
संस्थेच्या स्टोरेजचं अपग्रेड झालं. सोबत काय काय बदललं ते सांगणाऱ्या जाडजूड रिलीज नोट्स आल्यात. त्या नवशिक्यांसाठी असतात. माझी स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतेय. रोज रात्री संस्थेच्या सगळ्या फाइलींची नवी प्रत काढते आणि जागा वाचवायला यादीतली सगळ्यात वरची, म्हणजे जुनी, प्रत पुसते. तिला कोण धक्का लावणार.

३ मार्च, सोमवार
बायको आमच्याच संस्थेत पक्ष्यांच्या आवाजांवर काम करते. मागच्या गॅलरीतल्या घरट्यात पिल्लं बाहेर आली. पहिल्या आवाजापासून उडून जाईपर्यंतचं रेकॉर्डिंग, वर्षातून एकदाच मिळणारं. तिने विचारलं, संस्थेच्या स्टोरेजसोबत पेनड्राइव्हवरही ठेवू का? मी दुखावलो. शिंप्याच्या बायकोने उसने कपडे घालावेत, तसं झालं हे. बरं, नाही ठेवत, म्हणाली. समजूतदार आहे.

४ मार्च
सकाळी मेल. स्टोरेजकडून वॉर्निंग. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे.

६ मार्च
रोज तीच वॉर्निंग. कटकट नको म्हणून ती थेट वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल असं केलं. आता मेलबॉक्स कसा स्वच्छ दिसतो.

७ मार्च, शुक्रवार
स्टोरेजमधली व्यापलेली जागा वाढायची थांबली म्हणून साहेब खूश. काय केलंत, विचारलं. अनुभव, म्हणालो.

९ मार्च, रविवार
नोट्स वाचायचा पक्का निश्चय केला होता. जेवण जड झालं.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी
पिल्लं काल उडाली. आज प्रयोगशाळेतल्या बाईंनी जुनं फोल्डर समजून बायकोचं फोल्डर पुसलं. बाई रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम, चहा मागवा.

दुपारी
चहा गार झाला. प्रती आहेत, पण सगळ्या अपग्रेडच्या आधीच्या. त्यानंतरची एकही नाही. असं होऊच शकत नाही.

संध्याकाळी
होऊ शकतं. नव्या आवृत्तीत यादी उलटी येते, ताजी प्रत सगळ्यात वर. स्क्रिप्ट इमानेइतबारे वरचीच पुसत राहिली. रोज नवी प्रत काढायची आणि तीच पुसायची. म्हणून जागा वाढत नव्हती.
बायकोने फोन केला, सापडलं का? काम चालू आहे, म्हणालो. ते खोटं नव्हतं.

१४ मार्च
स्टोरेजवाल्या कंपनीच्या मदत केंद्रावर जाम भडकलो. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे सर, शिवाय रोज वॉर्निंगही येत असेल. ते वेगळं फोल्डर उघडलं. सगळ्या मेलमध्ये एकच वाक्य: यादीचा क्रम बदलला आहे, स्क्रिप्ट तपासा.
स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलला. आता अगदी बरोबर चालते. बायकोला उद्या सांगेन, आज ती दमलीय.

१५ मार्च, शनिवार
सांगितलं. आधी कंपनीची चूक सांगितली, मग प्रयोगशाळेतल्या बाईंची. तिने मध्येच विचारलं, तुला काही कळवलं होतं का त्यांनी? मी म्हटलं, एरर अशी नव्हती. ती उठून गॅलरीत गेली. घरटं रिकामं आहे हे तिलाही माहीत होतं, तरी बराच वेळ उभी होती. मला तिच्याजवळ जायचं होतं. मी भांडी घासली.

१८ मार्च
भांडण नाही, टोमणा नाही. माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. मनाने मोठी आहे. प्रकरण निवळलं म्हणायचं.

२२ मार्च, शनिवार
तिच्या लॅपटॉपला अपग्रेड आलं. आधी तिने सगळं नव्या पेनड्राइव्हवर उतरवलं आणि तो पर्समध्ये ठेवला. मग टेबलाशी बसून रिलीज नोट्स वाचायला लागली, ओळ न् ओळ, पेन्सिल घेऊन. मी खुर्ची ओढली. म्हटलं, मदत करू का?
ती वर न बघता म्हणाली, नको. तू टीव्ही बघ.