पलंगाखालचे चार तुकडे

शलोटी,
कार्तिकाचे अठरा दिवस गेले

हुकम यास,

मोठ्यांनी आधी आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला असं समज. पोचला नाही तर शोधत बसू नकोस.

इकडचं कळवते. सफरचंदाच्या शेवटच्या पेट्या खाली गेल्या. लाल गाय व्यायली, खोंड झाला. गवत माळ्यावर चढवलं. अनूपाचं प्लास्टर अजून तीन आठवडे. मांडीत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतो चालेल, पण ती शिकवते त्या शाळेची चढण चढेल का, ते विचारलं की दुसरंच बोलतो. तू काही माझ्या सुनेला बघायला आला नाहीस. तुझं गॅरेज चार वळणं खाली, रस्ता तुला पाठ आहे.

गावात मात्र सांगत फिरतोस म्हणे, "बाईमाणूस, उतारभर ब्रेकवर पाय ठेवून आली. गिअर टाकायचं कळत नाही. ब्रेक तापणारच. मी तर नवे पॅड घातले होते. माझ्या बुआला, सख्ख्या आत्याला विचारा, जुने तिच्या हातात दिले."

दिलेस. नाही कशाला म्हणू?

काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही तुझ्या गॅरेजाची रीत. त्यावरच तर लोक विसंबतात. भादव्यात अनूपा म्हणाली, "अम्मा, पुढची चाकं चिरकतायत. रामपूरला दाखवू." मी म्हटलं, घरचा भाचा असताना परक्याच्या दारात कशाला? ती त्या गाडीला एसयूव्ही म्हणते, मी डबा म्हणते. तो डबा मीच तुझ्याकडे आणवला. तू मला बाकावर बसवलंस, चहा पाजलास आणि झिजलेले चार पॅड कागदात गुंडाळून दिलेस. "बघ बुआ, काडेपेटीच्या काडीएवढा थर राहिला होता. आता दोन वर्षं बघायला नको."

माझ्याच्यानं लोखंड टाकवत नाही. आमच्या खोलीची जमीन उतरती, पलंग डुगडुगायचा. त्याच्या पायथ्याच्या दोन पायांखाली दोन-दोन सरकवले. पलंग थांबला. गाडीही महिनाभर गप्प होती. मी अनूपाला दहा वेळा ऐकवलं, बघ, माझ्या भावाचा मुलगा.

परवा रामपूरचा केवलराम मिस्त्री गाडी दुरुस्त करून घेऊन आला. पिशवीतून तिचे मोडलेल्या दिवशीचे पॅड काढले. दोघांचा तर नुसता पत्रा उरलेला. म्हणाला, "अम्मा, हे नवे नव्हतेच. जुनेच घासून पाठीला काळा रंग मारलाय."

"गप रे," मी म्हटलं. "जुने माझ्याकडे आहेत."

अनूपाला पलंगासकट उचलून धरलं आणि ते काढले. शेजारी शेजारी ठेवले. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण बैल नि म्हैस वेगळी ओळखते. तुझ्या तुकड्यांना दोन-दोन कान आहेत, आमच्या गाडीच्यांना एकही नाही. "हे तर मालवाहू टेम्पोचे," केवलराम म्हणाला आणि हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

तुझं खोटं मी दोन महिने पलंगाखाली जपलं, हुकमा. त्याच पलंगावर तिचा मोडका पाय ठेवला.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण पत्र अर्धं पाठवण्याची रीत नाही.

त्या सकाळी गाडी चिरकत नव्हती, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ओरडत होती. अनूपा म्हणाली, "अम्मा, आज बसनं जाऊ." मी नातीच्या देखत म्हटलं, "माझ्या माहेरचं तुला काहीच गोड लागत नाही. चल, बस गाडीत." ती बसली. सातव्या वळणावर पाय तळापर्यंत गेला तरी डबा थांबेना. डावीकडं दरी. तिनं गाडी उजवीकडं डोंगरात घातली, स्वतःची बाजू पुढं करून. मला आणि पोरीला खरचटलंसुद्धा नाही.

ही अक्षरं मला तिनंच शिकवली. हे पत्र तिला दाखवलेलं नाही.

आता नीट वाच. येत्या साज्याला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवशी, देवता नदीवर स्नानाला उतरेल आणि सगळं गाव मागून जाईल. पालखी हलली की मी मंदिराच्या अंगणात गाडीत बसलेली असेन, पुढच्या सीटवर. तुला सगळ्यांदेखत हाक मारीन. गाडी तू चालवायची.

केवलरामकडून पॅड बसवून घेतले आहेत. नवे की तुझेच, ते त्याला आणि मला ठाऊक. चाक खोलून बघायचं नाही. मी खोलून बघितलं होतं का? मी तुझ्या शब्दावर बसले, तू माझ्या शब्दावर बस. अगदी नवे आहेत, हुकमा. दोन वर्षं बघायला नको.

मला चौऱ्याहत्तर संपली. मला कसली घाई नाही, कसली भीती नाही. चालवलीस तर सातही वळणं शेजारी बसून बोलत राहीन. नाही म्हणालास तर का म्हणालास ते अंगणातल्या शेंबड्या पोरालाही कळेल, आणि तुझं तोंड देवासमोर असेल. मागच्या सीटवर आमची नात बसली होती. तू तिथं कुणाला बसवणार, तेही घरी विचारून ये.

ते चार तुकडे परत पलंगाखाली ठेवले आहेत. अनूपा उठेपर्यंत तिथंच राहतील.

खाली "तुझी बुआ" लिहायला घेतलं होतं. हात वळला नाही.

तुझं गिऱ्हाईक,
भागदासी